गाणाऱ्याचं नाव काय?

सेनगावाकडं लग्न ठरलं की मंडपाआधी पुंजाजीचा ऑर्केस्ट्रा ठरतो. आणि गाणं रंगलं की काय होतं, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी नोट पुढं करतो. पुंजाजी गाणं मधेच थांबवून माइकवर सांगतो, "संतराम पाटलांकडून या गाण्याला खास बक्षीस." टाळ्या पाटलांना. गाणारा तोवर गप उभा.

तो गाणारा म्हणजे फारुक. एरवी बसस्टँडमागं शिलाईचं दुकान चालवणारा. तो गायला लागला की वाढपीसुद्धा वरणाची बादली घेऊन जागीच थांबायचे.

बहिणीच्या पाठवणीवर फारुकनं स्वतः एक गाणं रचलं होतं. उन्हाळ्यातल्या एका लग्नात तो ते गायला आणि कुणीतरी मोबाईलवर घेतलं. व्हिडिओ फिरत फिरत पुण्याच्या एका गाण्यांच्या कंपनीपर्यंत गेला. तिथल्या साहेबांना आवाज आवडला. पण व्हिडिओत दिसत होते नवरा-नवरी, आणि माइकवरून ऐकू येत होतं एकच नाव, बक्षीस देणाऱ्याचं. त्यांनी शोधून फोन लावला तो संतराम पाटलांना!

पाटील हसले. "मी कुठं गातो? ऑर्केस्ट्रातलं असंल कुणीतरी."

साहेबांनी पुढं विचारलं नाही. देखण्या गायकांची त्यांच्या दारात रांग असते. तीच चाल, तेच शब्द घेऊन दुसऱ्याच्या आवाजात गाणं आलं. खाली रचणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

पाटलांकडून हे सगळं कळल्यावर पुंजाजी मोबाईलवर ते गाणं घेऊन दुकानात आला आणि त्यानं फोनचंही सांगितलं. फारुकनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं गायलाय," म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. राग नाही, रडू नाही. त्याची बायको जाहेदा शेजारी बटणं लावत होती.

"कंपनीवाले चोर हायत," पुंजाजी म्हणाला. "त्यांना थोबाड पाहिजे, गळा न्हाई."

"चोर हायत, बराबर," जाहेदा म्हणाली. "पण भाऊ, त्यांनी विचारलं तवा ह्यांचं नाव एकाला बी सांगता आलं न्हाई. माइक तर तुमच्या हातात व्हता. नोट देणाऱ्याचं नाव घेता, त्याच्या पोराचं घेता. ह्यांचं कवा घेतलं?"

"भाभी, तशी पद्धतच न्हाई."

"मंग कंपनीला काहून बोलून राहिले? तिनं बी पद्धतच पाळली."

पुंजाजीनं मोबाईल खिशात घातला. मग ओशाळून म्हणाला, "फारुकभाई, तुमचं पुरं नाव काय?"

इतकी वर्षं एका टेम्पोतून हिंडलेली ही दोन माणसं!

पुढच्या लग्नात फारुकनं तेच गाणं धरलं. "मोबाईलमधलं उचललं की रे यानं," मंडपात कुणीतरी म्हणालं. पुंजाजीनं गाणं थांबवलं. या खेपेला हातात कुणाची नोट नव्हती. "हे गाणं रचलं आणि गायलं, शेख फारुक शेख उस्मान यांनी. मुक्काम सेनगाव."

वाद्यं पुन्हा सुरू झाली, पण फारुकचा आवाज उमटेना. नाव कुणाचं घेतलं, हे त्याला उमजायलाच वेळ लागला. वादकांनी सुरुवातीची धून परत वाजवली, तेव्हा कुठं तो गायला.

मंडळी, कंपन्या गुणी माणसाला डावलतात, हे खरंच आहे. पण त्यांच्याआधी आपण त्याला डावललेलं असतं, आपल्याच मंडपात, आपल्याच माइकवर. तेव्हा यापुढं बक्षीस द्याल तेव्हा द्या, आधी गाणाऱ्याचं नाव विचारा.