ढोलीतली तिघं

शिकाऊ म्हणून तिची निवड झाली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढं शिकून शेवटी पाखरांची घाणच काढायची ना?" तेव्हा ती हसली होती. पण पहिला महिना तिनं खरोखरच घाण काढली. पिंजरे धुवायचे, फळं चिरायची, कुणी किती खाल्लं आणि किती टाकलं ते वजन करून लिहायचं. रानात बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले पक्षी तिथे सांभाळले जात. त्यांची वीण वाढवणं हेच त्या केंद्राचं काम.

तिला हाताखाली घेतलं ते मामांनी. मामा कुणाचेच मामा नव्हते. सत्तावीस वर्षं पिंजरे राखता राखता ते सगळ्यांचेच मामा होऊन बसले होते. एरवी गमती करायचे, पण एका बाबतीत फार कडक.

"पोरी, पिंजऱ्याला दारं दोन आहेत ती शोभेला नाहीत. बाहेर पडताना आधी आतल्याची कडी, मग बाहेरचं दार. आभाळ कोसळलं तरी."

सात नंबरच्या पिंजऱ्यात धनेशाची जोडी होती. मादी लाकडाच्या ढोलीत शिरून बसली होती आणि तिनं ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतलं होतं. बोटभर फट तेवढी ठेवली होती. आत बसली की ती पंखांची पिसं गाळते, मग उडायचा प्रश्नच उरत नाही. तिचं आणि पिल्लांचं सगळं खाणं नर आणतो, फटीतून भरवतो. आत दोन पिल्लं होती. एकाचा आवाज जाडा, एकाचा बारीक.

त्या सकाळी तिच्या एका हातात कालच्या उष्ट्या फळांचं ताट होतं, दुसऱ्या हातात बादली. बाहेर पडताना तिनं आतलं दार पायानं ढकललं. लागलं, असं तिला वाटलं. कडी घालायला हात मोकळा नव्हता. बादली ठेवून परत येऊ म्हणाली आणि विसरली.

पाव तासानं दाणकन आवाज झाला. नर दोन दारांमधल्या बोळात आला होता आणि तिथल्या खिडकीच्या काचेवर आदळला होता. ती धावत पोचली तेव्हा मामा फरशीवर बसले होते आणि पक्षी त्यांच्या मांडीवर होता. मान लुळी पडली होती. मामांनी कडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, "दार शेवटचं कुणी लावलं?"



"मी," मामा म्हणाले.

रोजच्या नोंदवहीतही त्यांचीच सही होती. शिकाऊ माणसाला सहीचा अधिकार नव्हता, तिच्या फेरीवर तेच सही करायचे. चूक आपली, असं मामांनी लिहूनही दिलं, आणि दुपारी त्यांच्या हातात कागद पडला, उद्यापासून कामावर यायचं नाही.

तिनं त्यांना फाटकापाशी गाठलं. "मामा, मी जाऊन सांगते त्यांना."

"आणि मग? तुला आजच घालवतील. आतल्या तिघांना कोण भरवणार?" त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "वर्ष झालं. चिमट्यात द्राक्ष धरता येत नाही मला. आज ना उद्या हे उघडं पडणारच होतं. तू तोंड मिटून कामाला लाग."

ती लागली. शिडीवर चढायची, लांब चिमट्यात पपईचा तुकडा धरून फटीशी न्यायची. आतून चोच यायची आणि चिमटाच झटकून टाकायची. दर अर्ध्या तासानं तेच. दोन दिवस मादीनं कशाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मादीनं तुकडा घेतला. शिडीवरच हिला रडू फुटलं. पण पाचव्या दिवशी बारीक आवाज बंद झाला. धाकटं आतच राहिलं. त्याच फटीतून बाकीच्या दोघांना भरवत राहण्यावाचून इलाज नव्हता. वास यायचा, ती तोंडानं श्वास घ्यायची.

सात आठवड्यांनी मादीनं लिंपण फोडलं. ती आणि थोरलं पिल्लू बाहेर आली. मादी सगळा पिंजरा हिंडली, दांडीवर बसून साद घालत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली. "नाव काढलंस. तुला कायम करून घ्यावं म्हणतेय. मामांची जागा रिकामीच आहे."

तेव्हा तिच्या तोंडून ते निघालं. कडी, बादली, सगळं.

बाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढला. "आणि हे आज सांगतेस?"

"मामांना परत घ्या."

"त्यांनी स्वतः लिहून दिलंय. खोटं लिहून दिलं असेल तर कसं घेऊ?" त्यांनी हात पुढे केला. "किल्ल्या ठेव इथे."

तशीच ती मामांच्या घरी गेली. सुनेनं दार उघडलं. मामा पलंगावर बसले होते, उजवा हात डाव्यानं दाबून धरला होता.

"किती वाचली?"

"आई आणि थोरलं."

त्यांचा चेहरा उजळला. मग तिनं पुढचं सांगितलं. ऐकता ऐकता तो विझत गेला.

"सांगून टाकलंस," ते म्हणाले. "मग पिल्लाला आता कोण बघतंय?"

"माहीत नाही, मामा."

"मी गेलो, तूही गेलीस. माझं जाणं वायाच गेलं की गं."

"मला राहवेना."

"तुला हलकं वाटावं म्हणून?"

मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती थांबून राहिली. शेवटी सून जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जा तुम्ही. आता ते बोलायचे नाहीत."

ती जिना उतरून खाली आली. ऊन होतं, रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती.