विरोधी उमेदवार

सुपाचा वाडगा ट्रेमध्ये सांभाळत सिनेटर आल्विन रुस्ताद चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी आले, तसे शेतकरी अदबीने उठून उभे राहिले.

"बसा, बसा."

सगळे बसले, पण रंगात आलेल्या गप्पा थांबल्या.

"यंदा बीट कसं आलंय?" रुस्तादनी विचारलं.

"बरंय, सिनेटर. तुम्ही काळजी करू नका. मतं तुमचीच."

काहीही विचारलं तरी उत्तर हेच. नॉर्थ डकोटात त्यांच्या पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येईल, असं लोक हसत म्हणत. आणि रुस्ताद तर तीस वर्षं निवडून येत होते. काढणीची घाई सांगत एकेक जण उठला. टेबलाशी ते एकटेच उरले.

तेवढ्यात कोरीन फाइस्ट ट्रे घेऊन समोर उभी राहिली. ही गुरांची डॉक्टर यंदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभी होती.

"इथे बसू का? माझ्या शेजारी बसलेलं दिसायला नको म्हणून लोक अंग चोरतायत."

"बसा ना."

"इथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद पडला. बायका बर्फातून शंभर मैल जाणार आता. निधीच्या विरोधात मत का दिलंत?"

"त्या विधेयकात भलत्याच गोष्टी कोंबल्या होत्या."

"ही सबब झाली. कारण सांगा."

रुस्तादनी चमचा खाली ठेवला. असं त्यांना फक्त त्यांची बायको मार्लिस बोलायची, रोज रात्री, जेवताना. तिला जाऊन दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून त्यांचं वाक्य मध्येच कुणी तोडलं नव्हतं.

त्यांनी कारण सांगितलं. तिने ते खोडलं. त्यांचा आवाज चढला, तिचाही. सूप निवून गेलं.

त्यांचा मदतनीस प्रेस्टन लगबगीने आला. "सिनेटर, निघायला हवं."

"आधी यांच्याशी जाहीर चर्चा ठरव. किती वेळा नाही म्हणालो आपण?"

"तीनदा. आपण तीस टक्क्यांनी पुढे आहोत. कशाला विषाची परीक्षा?"

"चार सभा ठरव. चार गावांत."

कोरीन त्यांच्याकडे बघत राहिली. "मी हरणारच आहे, सिनेटर. तुम्हाला यातून काय मिळणार?"

रुस्तादनी पावाची टोपली तिच्याकडे सरकवली. "जेवा आधी."

चारही सभा झाल्या. चौथ्या सभेत वॉर्डच्या बाबतीत आपलं चुकलं, असं ते भर सभेत म्हणाले. प्रेस्टनने डोक्याला हात लावला.

नोव्हेंबरात रुस्ताद निवडून आले. मतं थोडी घटली, इतकंच. निकालाच्या संध्याकाळीच कोरीनचा फोन आला. हॉटेलच्या हॉलमधला गलका मागे टाकून ते जिन्यात गेले.

"अभिनंदन, सिनेटर."

"आता काय करणार?"

"उद्या सकाळपासून पुन्हा गुरं. ती वाट बघतायत. तुमचं?"

वर त्यांच्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. रुस्ताद पायरीवर बसले.

"पुढच्या निवडणुकीला अजून सहा वर्षं," ते म्हणाले.