माझा दस्ता चिकट झाला तेव्हा

"बाई, लेकरू बंदुकीकडं जात न्हाय, बाटलीकडं जातं," शेजारच्या सिद्धम्मा वैदेहीला म्हणाल्या होत्या. विरजण न्यायला आल्या होत्या, जाता जाता बोलल्या. वैदेही 'हो हो' म्हणून हसली. तिचं सगळं लक्ष माझ्याकडं होतं.

मित्रांनो, ती बंदूक म्हणजे मी. मुरुम गावाजवळच्या एका शेतकरी घरातली जुनी दुनळी. नळ्या लोखंडाच्या, आणि खांद्याला टेकवायचा मागचा भाग, म्हणजे दस्ता, अक्रोडाच्या लाकडाचा. माझी गोष्ट या दस्त्याचीच आहे.

मला त्या घरच्या धोंडीबांनी रीतसर परवाना काढून घेतलं, रानडुकरांपासून पीक राखायला. हरभरा घाट्यावर आला की ते मला घेऊन बांधावर बसत. हवेत एक बार काढला की डुकरांचा कळप ओढ्याकडं पळून जाई. मी कधी कुणाचा जीव घेतला नाही. सुगी संपली की धोंडीबा तळहातावर जवसाचं थोडं तेल घेत आणि ऊब येईपर्यंत दस्ता चोळत. लाकूड तेल पिऊन घेई. ना चकाकी, ना चिकटपणा. बंदूक काय राखलीय, असं कुणी म्हटलं की ते नुसते मिशीत हसत.

धोंडीबा गेले आणि परवाना त्यांच्या मुलाच्या, दिग्विजयच्या, नावावर झाला. त्याला मी निस्तेज वाटले. दसऱ्याला पूजेत मांडायची, फोटो काढायचे, तर चमक हवी. त्यानं तेल मुरलेल्या लाकडावर फर्निचरचं चकचकीत वार्निश मारलं आणि रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. त्या दसऱ्याला माझं फार कौतुक झालं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

मग निवडणुका लागल्या. तेव्हा परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दिग्विजयनं मला कव्हरसकट प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. एक निवडणूक झाली, दुसरी आली, मला आणायला जायचं त्याचं राहूनच गेलं. ठाण्यातल्या पत्र्याच्या खोलीत मी अख्खा उन्हाळा काढला. आतलं तेल वर येऊ बघत होतं आणि वरचं वार्निश त्याला वाट देत नव्हतं. घरी आले तेव्हा दस्ता उन्हात ठेवलेल्या गुळासारखा झाला होता. हात लावला की बोटं चिकटत. कव्हरच्या अस्तराची काळी लव अंगभर बसली होती.

दसरा तोंडावर आलेला. दिग्विजय चिडला, तशी त्याची आई लीलाबाई म्हणाल्या, "तुझे वडील तेल लावायचे. तू नवरीला पावडर लावल्यावानी लावलंस."

त्यानं रंगाच्या दुकानातून वार्निश उतरवायला थिनर आणलं. डबा गळत होता म्हणून थंड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. त्यात ते अगदी पाण्यासारखं दिसायचं, आणि बाटली ओसरीतच पडून असायची.

वैदेही त्याची बायको. बी.एस्सी. झालेली, आणि घरात तीन वर्षांची आरोही. बंदुकीनं झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचून वाचून तिला माझी धास्ती बसली होती. काडतुसं वेगळ्या पेटीत, कपाटाची किल्ली तिच्या बांगडीतल्या पिनेला. ती बरोबरच करत होती. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

सिद्धम्मा बोलून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दिग्विजय ओसरीत मला घासत बसला होता. अर्धा दस्ता झाला आणि त्याला फोन आला. बोलत बोलत तो रस्त्यावर गेला. मी तिथंच उघडी पडलेली, आणि आरोही झोपेतून उठून दारात उभी. वैदेही धावत आली ती माझ्याकडं. मला उचललं, तिची बोटं चिकट भागात रुतली. मला आत नेऊन कपाटात उभं केलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं. आरोहीला तहान लागली होती. तेवढ्यात तिनं थिनरची ती उघडी बाटली तोंडाला लावली.

कपाटात मला फक्त ठसका ऐकू आला, मग पळापळ. लीलाबाई म्हणत होत्या, मिठाचं पाणी पाजा, ओकून पडू दे. असं करू नये हे वैदेहीनं कुठंतरी वाचलं होतं, पण सासूपुढं तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ओकताना ते विष लेकराच्या फुप्फुसात उतरलं, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

आरोही वाचली. पण अंगणात जरा पळाली की तिच्या छातीतून शिट्टी वाजते, आणि ती कोपऱ्यात बसून इतर लेकरांचा खेळ बघते.

भेटायला आलेल्या बायकांदेखत लीलाबाईंनी सुनेला विचारलं, "आई असून तुझं ध्यान कुठं होतं?"

"बंदुकीवर," वैदेही म्हणाली.

सगळ्यांच्या माना कपाटाकडं वळल्या. त्या दिवसापासून गुन्हेगार मी. बंदूकच अवलक्षणी, असं दिग्विजय सांगत सुटला. बाटलीत थिनर कुणी ओतलं, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. वैदेहीला मात्र अजून विचारतात, लग्नात, हळदीकुंकवाला: शिकलेली असून असं कसं गं?

आता मी सोलापूरच्या एका शस्त्रविक्रेत्याकडं विकायला पडून आहे. दस्ता अर्धा गुळगुळीत, अर्धा चिकट. चिकट भागात वैदेहीच्या बोटांचे ठसे तसेच आहेत. गिऱ्हाईक हात लावतं आणि रुमालाला बोटं पुसून निघून जातं.

मित्रांनो, जुन्या लाकडाला वरून चमक नको असते. थोडं तेल आणि कुणाचा तरी हात एवढं त्याला पुरतं. आणि ज्याची भीती वाटते त्याच्यावर सगळेच पहारा ठेवतात. माझ्यावर होता. लेकरावर नव्हता.

इतका वेळ माझं ऐकत बसलात. तुमच्या घरात धाकटं भावंड असेल, शेजारी एखादं रांगतं लेकरू असेल. ते आत्ता कुठं आहे? आईला विचारू नका, तिच्या मागं शंभर कामं असतील. तुम्हीच उठा आणि बघून या.