काल्याच्या कीर्तनातली परीक्षा

शेंद्र्याच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, सृष्टीची स्कूटी घसरली, त्याला आज चोवीस दिवस झाले होते. हेल्मेट होतं म्हणून पोरगी वाचली, पण मेंदूला हादरा बसला. डोकं दुखायचं थांबू द्या, उजेड-आवाज सोसू द्या, मग मी तपासतो, तोवर गाडी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तपासणी होती बुधवारी आणि कॉलेजची प्रॅक्टिकल सोमवारी.

तिचे वडील रामेश्वर वाळूजच्या कारखान्यात कामाला. गावात मात्र त्यांची ओळख मृदंगवाले हीच. सृष्टी सातव्या वर्षापासून त्यांच्यासमोर टाळ घेऊन उभी राहायची. आता अठरावं संपलेलं. स्कूटीची चावी त्यांच्या खिशात, आणि पोरीचा रोज एकच प्रश्न, "आबा, आज?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. रविवारी सप्ताहाचा काला. कीर्तनात दोन तास उभं राहायचं, एक ठेका चुकवायचा नाय. नाय चुकला तर चावी तुझी, असा सप्ताहाच्या वीणेसमोर शब्द दिला. पांडुरंगापुढं ज्याचं चित्त ठरतं ते रस्त्यावर कसं ढळंल, असं त्यांना मनापासून वाटलं.

सृष्टी उभी राहिली. गजर वाढला, लय दुपटीवर गेली, पण तिचा ठेका तसूभर ढळला नाही. मृदंगावर थाप देता देता रामेश्वरांचे डोळे भरून आले. दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटला गेला, आणि मंडपाबाहेर येताच त्यांनी चावी काढली.

देता देता सहज विचारलं, महाराजांच्या कुठल्या बोलण्यावर मंडप एवढा हसला गं?

सृष्टी हळूच म्हणाली, "हसले व्हय? मला नाय ऐकू आलं काही. नुसतं घणघणत होतं. मी तुमच्या बोटांकडं बघून वाजवत होते."

रामेश्वरांची मूठ मिटली.

"शब्द दिला होता तुम्ही. वीणेसमोर."

"दिला होता," ते म्हणाले. चावी परत खिशात गेली.

दुपारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. खिडकीवर चादर बांधावी लागली. सोमवारची प्रॅक्टिकल हुकली ती हुकलीच. बुधवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढ्या आवाजात दोन तास हिला उभं कुणी केलं?

"मी," रामेश्वर म्हणाले. शाळेतल्या पोरासारखा त्यांचा हात नकळत वर गेला होता.

अजून महिनाभर तरी गाडी नाही, आणि टाळही नाही. मग परत तपासू, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर सृष्टीनं टाळ फडक्यात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवले. "चावी नाय मागत आता. पण माझे टाळ दुसऱ्या कुणाला देऊ नका, आबा."

त्यांनी चावीही त्याच फडक्यात ठेवली, गाठ मारली आणि मृदंगाशेजारच्या खुंटीला गाठोडं अडकवलं. दिवेलागणीला देवळाच्या भोंग्यावर हरिपाठ सुरू झाला. आतल्या खोलीत पोरगी कण्हली. रामेश्वर उठले आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी हरिपाठावर खिडकी लावून घेतली.