दमणची फेरी

मित्रांनो, सुरतेच्या डिंडोलीला रेल्वेच्या रुळांजवळ बाभळीच्या सावलीत चाकं नसलेली एक मॅटाडोर उभी आहे. ती मी. माझा पत्रा गंजला आहे, खिडक्यांना काचेऐवजी गोणपाट आहे. फार थकले आहे. पण तुम्ही थांबलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म पुण्याजवळच्या कारखान्यातला. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा लूमवर राबून पैसे जमवलेल्या अमळनेरकडच्या बन्सीलालने मला सुरतेला आणलं. आठवडाभर मी लूमच्या कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे ताके रंगवायला डाइंग मिलला पोचवायचे. बन्सीलाल मला रोज धुवायचा, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा. त्याची बायको भागीरथी हसून म्हणायची, "हाई ते मन्ही सवत शे!"

सुट्टीच्या दिवशी मात्र माझ्यात बाकडी टाकली जायची आणि लूमवरची माणसं घेऊन मी दमणला निघायचे. गुजरातेत दारूला बंदी, दमणला मोकळीक. पण माणसं तेवढ्यासाठीच येत नसत. पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला, जेट्टीवरच्या होड्या, केळीच्या पानावर तळलेले बोंबील, आणि दुकानांत ओळीने मांडलेल्या लालभडक पोर्ट वाईनच्या बाटल्या. आठवडाभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान बधिर झालेली ती माणसं तिथे वाळूवर नुसती आडवी व्हायची. येताना गाणी म्हणायची. "बन्सीभाऊची गाडी म्हणजे घरची गाडी," असं सगळे म्हणत. मला ते फार आवडायचं.

सुरुवातीला बन्सीलाल फक्त बोंबील खायचा. मग एक पेला घेऊ लागला. मग मोजायचं सोडलं. माझं धुणं थांबलं, हार थांबला. ब्रेक मारला की मी किंचाळायचे. तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात बघू."

एका सुट्टीला भागीरथी म्हणाली, "तुम्ही सारखं दमण दमण करतस. माले बी समुद्र देखना शे."

मग बाकीच्यांचीही बायका-पोरं निघाली. माझ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण त्या दिवशी ओझं वाटलं नाही. भागीरथी किल्ल्याच्या तटावर बराच वेळ उभी राहिली. खाली उतरली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

परतायची वेळ झाली. बन्सीलाल आला तो भिंतीला धरून. भागीरथीचं हसू मावळलं. तिने माझी किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली.

"किल्ली दे."

"नही. गाडीमा पोरं शेतस."

"माझी गाडी आहे! मी रोज चालवतो!"

लूमवरचा उखा मधे पडला. "वहिनी, उद्या सकाळची पाळी आहे. साचा बंद राहिला तर शेठ दुसरा माणूस उभा करेल."

"मग बसने जा, भाऊ. वापीहून रेल्वे भेटी."

कुरकुरत का होईना, सगळे पोरं उचलून बसकडे गेले. राहिली ती दोघंच. चारचौघांत मान खाली गेली म्हणून बन्सीलाल धुमसत होता. तो माझ्यात चढला आणि डॅशबोर्डखालच्या तारा जोडल्या. मी सुरू झाले. भागीरथी पुढे येऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

तिला नुसतं घाबरवायचं होतं त्याला. मला पुढे घेतलं आणि ब्रेकवर पाय दाबला. पाय खोल गेला, पण झिजलेले ब्रेक धरलेच नाहीत.

तिचं मांडीचं हाड मोडलं. बन्सीलाल उडी मारून उतरला, तिला मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला. "मंदाची आई, मंदाची आई," एवढंच म्हणत राहिला. मंदा त्यांची मुलगी. ती उखाबरोबर बसमध्ये होती, सुखरूप.

भागीरथी वाचली, पण लंगडत चालते. बन्सीलाल पुन्हा लूमवर लागला. त्याने दारू सोडली आणि मलाही. मला इथे आणून उभं केलं, ते कायमचंच. आधी बॅटरी गेली, मग चाकं, मग बाकडी.

कधीतरी सुट्टीच्या दिवशी तो येतो. माझ्या सीटवर बसतो, स्टीअरिंगवर हात ठेवतो आणि समोर बघत राहतो. काही वेळाने ती काठी टेकत येते आणि म्हणते, "चला, भाकर थंडी व्हई राहिनी." मग तो उतरतो आणि तिच्या पावलाला पाऊल जुळवत हळूहळू चालू लागतो.

मित्रांनो, फिरायला जरूर जा. खा, प्या, समुद्र बघा. पण जी तुम्हांला घरी परत आणते, तिच्याकडे निघण्याआधी एकदा वाकून बघा. आणि कुणी वाटेत हात पसरून उभं राहिलं, तर तिथेच उतरा.