रिकाम्या बाकावरचा नकार

मी एक जुना बाक आहे. देशाचे कायदे जिथे होतात त्या सभागृहात, अध्यक्षांच्या डाव्या हाताला, विरोधकांच्या रांगेत माझी उमेदीची वर्षं गेली. आता तळघरात असतो. शेजारची मोडकी खुर्ची म्हणते, मी थापा मारतो. तिला स्वतःला एक पाय नाही, तेव्हा तिचं किती मनावर घ्यायचं. मित्रांनो, तुम्ही मात्र नीट ऐका.

मला घडवणारा सुतार रंधा मारताना माझ्याशी बोलायचा. "लाकूड पाणी पितं तसं आवाजही पितं," असं म्हणायचा. मी पुष्कळ प्यालो. कायदा म्हणजे आधी नुसतं विधेयक. मंत्री ते मांडतात, समिती एकेक कलम सोलून बघते, मग सभागृहात चर्चा, दुरुस्त्या आणि शेवटी मत. इथून सुटलं की दुसऱ्या सभागृहात, आणि मग राष्ट्रप्रमुखांची सही. एवढ्या चाळण्यांतून खडा जाऊ नये. पण जातो कधी कधी.

माझ्यावर एक ताई बसायच्या. कोळशाच्या खाणीच्या गावातून निवडून आलेल्या. त्यांचा थोरला भाऊ खाण कोसळली तेव्हा खाली राहिला होता. मालकाने घाईघाईने तोंड बुजवलं, दादा सापडलाच नाही. आणि आता सरकारने विधेयक आणलं होतं की, थोडा शोध घेऊन खाण बुजवायला हरकत नाही, घरच्यांना विचारायची गरज नाही. समितीत ताई एकट्या भांडल्या, हरल्या. आता उरलं होतं शेवटचं मत.

त्याच दुपारी विरोधी नेत्यांचं बोलणं अध्यक्षबाईंनी मध्येच थांबवलं. नेते तडकले. "चला रे, सभात्याग."

"काका, पुढचंच विधेयक खाणीचं आहे," ताई कुजबुजल्या.

"अगं, दारापाशीच उभे राहू. निषेध नोंदवायचा आणि परत यायचं. तू काय एकटी बसून माझं नाक कापणार?"

ताई उठल्या. विरोधक गेलेले पाहून सत्तेतले निम्मे लोकही उठले आणि इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला उपाहारगृहात गेले. आता विरोध करायला आहे कोण, असा त्यांचा हिशेब.

अध्यक्षबाईंनी विधेयक पुकारलं. आमच्याकडे आधी आवाजावरच मत घेतात. एकानेही हरकत घेतली, तर मात्र घंटा वाजवून सगळ्यांना बोलवायचं, दारं लावायची आणि डोकी मोजायची.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"होय," समोरून आवाज आला, जेवणानंतरचा, सुस्त.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

समोरचे लोक कागद आवरू लागले होते. तेवढ्यात माझी गादी दबली. कोणीतरी जड माणूस टेकल्यासारखी. मला ओलसर, गार वजन जाणवलं आणि माझ्या पाठीतून, खूप खोलवरून आल्यासारखा एक घोगरा आवाज निघाला. "नाही. मोजा."

लघुलेखकाची पेन्सिल थांबली. "बाई, कोण म्हणालं म्हणून लिहू?"

"त्या बाजूला कोणी नाहीये," सचिव हळूच म्हणाले.

अध्यक्षबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. "मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय. ऐकलेलं पुसायचा अधिकार मला नाही. 'एक सदस्य' असं लिहा. घंटा वाजवा."

घंटा वाजली. विरोधक दारातच होते, ते धडाधड आत आले. उपाहारगृहातले जिना चढेपर्यंत नियमाप्रमाणे दारं लागली. बाहेरून ते दार ठोठावत राहिले, आत डोकी मोजली गेली. विधेयक पडलं.

नेते मिश्या पिळत म्हणाले, "बघितलंस, माझा डाव?"

ताई माझ्यावर टेकल्या आणि दचकून उठल्या. गादी भिजलेली होती. हाताला काळी भुकटी लागली होती. त्यांनी ती पदराने पुसली नाही. मूठ मिटली आणि अगदी हळू म्हणाल्या, "दादा?"

मी काय सांगणार? मला जीभ कुठली.

पुढे मत द्यायच्या बटणांच्या खुर्च्या आल्या आणि मला इथे आणून टाकलं. माझी वाळवी काढा, मला तेलपाणी करा, असं मी म्हणत नाही. मागणं एवढंच, की तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तिथली आपली जागा सोडून उठू नका. रागाने नाही आणि चहासाठी तर नाहीच. मित्रांनो, माझ्यावर 'नाही' म्हणणारे बसले, तसे वाईट कायद्यांना गुपचूप 'होय' म्हणणारेही बसले, आणि तेही मी प्यालो आहे. रिकाम्या जागेवर त्या दिवशी भला माणूस येऊन बसला. दर वेळी तोच येईल असं मला वाटत नाही.