साबणाच्या डबीतला आवाज

"काका, ही तार जोडलेली नाहीये."

"जोडलीये की! ही काय, फुली दिसतेय."

मॅडम वाकून पडद्याकडे बघत होत्या. सर्किट काढायचं सॉफ्टवेअर नवशिक्यांना शिकवणाऱ्या या मॅडम वयाने रेडिओकाकांच्या लेकीएवढ्या. वर्गात बाकी सगळी कॉलेजातली पोरं. काका एकटेच चष्मा कपाळावर चढवून माउसशी झटापट करत होते. बाण एकीकडे, हात भलतीकडे.

"नुसत्या एकमेकींवरून गेल्यात त्या. जोडायच्या असतील तर इथे ठिपका द्यायचा."

"आमच्या वेळी तारा भेटल्या की जोडल्याच म्हणायचं. नसतील जोडायच्या तर वरून कमान काढायची."

"आता नुसतं भेटून भागत नाही, काका. ठिपका हवाच."

चाळीस वर्षं काकांनी लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, पण स्वतः सर्किट कधी कागदावर उतरवलं नाही. सगळं डोक्यात. घशाच्या ऑपरेशननंतर काकूंचा आवाज गेला तेव्हाही त्यांनी साबणाच्या डबीत चार सुटे भाग बसवले, वर बटण लावलं आणि म्हणाले, "घे, आता मार हाका!" काकूंनी बटण दाबलं. मग पाटी ओढून लिहिलं, 'ही मी नाही, म्हैस आहे.' काका दोन दिवस सूर ठरवणारे कंडेन्सर बदलत बसले, तेव्हा कुठे काकूंची मान हलली.

पुढे तीन वर्षं त्या डबीने घर चालवलं. चहासाठी एकदा, वाळत घातलेल्या कपड्यांसाठी दोनदा, आणि काही काम नसताना कितीदा तरी. काका बाहेरच्या खोलीतून करवादायचे, "आलो गं, आलो!" आणि हातातलं टाकून जायचे.

काकू गेल्या. डबी उशाशीच राहिली. 'वापरत नसाल तर सेल काढून ठेवा, पाझरतात,' हे काकांनी आयुष्यभर येईल त्या गिऱ्हाइकाला बजावलं होतं. पण त्या डबीतले सेल काढायला त्यांचा हात धजला नाही. आठ महिन्यांनी एका दुपारी त्यांनी बटण दाबलं, तर आवाजच नाही. उघडून बघतात तो आत हिरवट राडा, सगळे भाग खाल्लेले, त्यांच्यावरचे आकडे पुसलेले. काका डबी मांडीवर घेऊन हमसून हमसून रडले. नवी करायची तर हाताला कंप. सोल्डरची तापलेली सळई एकीकडे, थेंब दुसरीकडे. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की या वर्गात काढलेलं सर्किट पडद्यावर चालवताही येतं, ऐकताही येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर.

आता त्यांनी पडद्यावर ठिपका दिला.

"चालवा आता," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी छोटा स्पीकर जोडला.

स्पीकर हंबरला. वर्ग खो खो हसला. सगळ्यांत मोठ्याने काका हसले.

"हाच! पहिल्या दिवशी हाच आला होता!"

मग ते कंडेन्सरचे आकडे बदलत बसले. एक जाड, एक चिरका, एक नुसताच घोगरा. प्रत्येक वेळी काका मान हलवायचे, 'नाही.' तास संपला, पोरं दप्तरं उचलून गेली. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं.

"काका, उद्या करू या का?"

"एकच. शेवटचा."

त्यांनी आकडा टाकला. स्पीकरमधून बारीक, किंचित कापरा, लांबलेला सूर आला.

"आलो गं, आलो," म्हणत काका उठले. खुर्ची मागे सरकली. दाराकडे दोन पावलं टाकल्यावर ते थांबले.

मॅडमना काय झालं ते कळेना. आवाज बंद करायला त्यांनी घाईने हात पुढे केला.

"राहू द्या," काका पाठमोरेच म्हणाले. "मी जवळ जाईपर्यंत ती बटणावरचं बोट उचलायची नाही."

मॅडमनी हात मागे घेतला. सूर वाजत राहिला.